एकरी दहा लाखांचा हिशेब आणि मे महिन्यातली विहीर

तुमचा प्रश्न मी समजलो तो असा. चोपडा तालुक्यात वडिलोपार्जित पाच एकर जमीन आहे, तीत एक विहीर आणि एक बोअर आहे, आजवर कापूस आणि त्यामागे हरभरा असेच पीक घेतले गेले आहे. तुम्ही पुण्यात नोकरीला आहात आणि शेत वडील पाहतात. येत्या जूनमध्ये तीन एकर केळी लावण्याचा विचार आहे, कारण एकरी दहा लाख रुपये नफा झाल्याचे तुम्ही एका व्हिडिओत पाहिले. शिवाय नेहमीची ग्रँड नैन लावावी की केरळात चिप्ससाठी जाणारी नेंद्रन लावावी, हेही तुम्हाला ठरवायचे आहे.

मी रावेर तालुक्यात तापीच्या पट्ट्यात गेली सव्वीस वर्षे केळी करतो. पहिली काही वर्षे बसराई आणि श्रीमंती या जाती कंदांपासून लावल्या, नंतर ऊतिसंवर्धित (प्रयोगशाळेत वाढवलेल्या) रोपांवर आलो. त्या अनुभवावरून सांगतो की तुम्ही विचारलेल्या प्रश्नाआधी दुसरा एक प्रश्न सुटायला हवा. नफा किती होईल, हे आज तुम्हाला कोणीही सांगू शकणार नाही, कारण भाव तुमच्या हातात नाही. मात्र एक किलो केळी पिकवायला तुम्हाला किती खर्च येईल, हे बऱ्याच अंशी तुमच्या हातात आहे, आणि तो खर्च सर्वांत जास्त कशावर ठरत असेल तर लावलेल्या रोपांपैकी किती रोपे चांगला घड देऊन उभी राहतात यावर. ती उभी राहतील की नाही, हे प्रामुख्याने एप्रिल-मेमधल्या पाण्यावर ठरते. म्हणून मी पाण्यापासून सुरुवात करतो.

आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ अंशांपर्यंत जातो आणि दुपारी पश्चिमेकडून गरम वारा सुटतो. जूनमध्ये लावलेली मृगबाग फेब्रुवारी-मार्चच्या सुमारास निसवते (घड बाहेर पडतो), म्हणजे ऐन उन्हाळ्यात झाडावर घड भरत असतो. लहान रोपाला दिवसाला पाच-सहा लिटर पाणी पुरते. त्याच झाडाला मे महिन्यात घड अंगावर असताना वीस ते चोवीस लिटर लागते. सहा फूट बाय पाच फूट अंतरावर एकरात सुमारे १,४५० झाडे बसतात. दर झाडाला बावीस लिटर धरले तरी एका एकराला रोज जवळपास ३२,००० लिटर, आणि तीन एकरांना ९६,००० लिटर पाणी झाले. हे एक-दोन दिवसांपुरते नसून पहिला पाऊस पडेपर्यंत सलग दोन-अडीच महिने द्यावे लागते.

आता तुमची विहीर किती देते ते मोजा. वडिलांना विचारले तर ते म्हणतील, पाणी भरपूर आहे, आणि कापसाच्या हिशेबाने ते खरेही असेल, कारण कापूस आणि त्यामागचा हरभरा उन्हाळ्याआधी निघून जातो आणि त्यानंतरच्या विहिरीची परीक्षा तुमच्या शेतात कधी झालीच नसावी. मोजायची रीत साधी आहे. मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात २०० लिटरचा ड्रम पाइपाखाली ठेवावा आणि तो भरायला किती सेकंद लागतात ते घड्याळावर पाहावे. त्यानंतर मोटार चालू ठेवून ती हवा ओढू लागेपर्यंत किती तास चालते ते लिहून ठेवावे. हे एकाच दिवशी करून उपयोग नाही. लागोपाठ चार दिवस करावे, कारण पहिल्या दिवशी साठलेले पाणी निघते आणि विहिरीचा खरा झरा तिसऱ्या-चौथ्या दिवशी कळतो. समजा ड्रम ५५ सेकंदांत भरला, तर तासाला सुमारे १३,००० लिटर पाणी झाले. चौथ्या दिवशी मोटार तीनच तास चालली, तर दिवसाला ३९,००० लिटर. म्हणजे ती विहीर एका एकराची केळी व्यवस्थित जगवेल, दीड एकराला ओढाताण होईल आणि तीन एकर लावली तर तिन्ही एकर वाया घालवेल. शेतीपंपाला दिवसाचे आठ तास वीज, तीही पाळीने मिळते, हे या हिशेबात धरायला विसरू नका. बोअरचे पाणी जमेला धरावे, पण त्यावर सगळी भिस्त ठेवू नये. एका उन्हाळ्यात माझा स्वतःचा बोअर एप्रिलच्या अखेरीस आटला आणि शेजारच्या काकांनी आपल्या विहिरीचे पाणी दिले म्हणून अर्धी बाग हाती लागली.

केळीला पाण्याची थोडी तूट चालते, असा समज असतो. पानांच्या दृष्टीने तो काही अंशी खरा आहे, कारण झाड लगेच मरत नाही. पण निसवण्याच्या वेळी आठ-दहा दिवस ताण बसला की घड अडकत बाहेर येतो, फण्या कमी पडतात, केळी आखूड राहते, आणि नंतर कितीही पाणी दिले तरी ते नुकसान भरून निघत नाही. हे तुम्हाला कटाईच्या वेळी वजनकाट्यावर दिसते.

आता हिशेबाकडे वळतो. पुढचे आकडे माझ्या भागातले आणि माझ्या वहीतले आहेत. तुमच्याकडे मजुरी, शेणखत आणि वाहतूक यांचे दर वेगळे असतील, म्हणून ते आपल्या दरांनी पुन्हा मांडा. एका एकराला रोपांचे सुमारे २५,००० रुपये, नांगरट, गादीवाफे आणि शेणखत मिळून २५,०००, खते ४५,०००, फवारण्या १०,०००, निंदणी, झाडाच्या बुडाशी फुटणारी पिले कापणे, पाने काढणे अशी वर्षभराची मजुरी ३०,०००, घडाची निगा म्हणजे फवारणी आणि पिशव्या १४,०००, झाडांना आधार आणि बांधणी ८,०००. ठिबक संचाचा खर्च पाच वर्षांवर विभागला तर वर्षाचे १२,००० ते १३,००० येतात. ही सगळी बेरीज साधारण १,७०,००० रुपयांवर जाते. यात घरच्या माणसांचे श्रम आणि कर्जाचे व्याज धरलेले नाही.

लावलेल्या १,४५० झाडांपैकी १,३०० झाडांनी विकण्याजोगा घड दिला आणि सरासरी रास (एका घडाचे वजन) २२ किलोची पडली, तर २८,६०० किलो म्हणजे २८६ क्विंटल माल झाला. खर्चाला मालाने भागले तर क्विंटलला सुमारे ५९५ रुपये येतात. ही तुमची तळरेषा, तिच्याखाली भाव गेला की तोटा. आता तोच खर्च करून पाण्याच्या किंवा रोगाच्या पायी १,१५० झाडेच उरली आणि रास १८ किलोची पडली, तर माल २०७ क्विंटल होतो आणि तळरेषा ८२० रुपयांवर जाते. भाव १,२०० रुपये असताना पहिल्या शेतकऱ्याला एकरी १,७३,००० रुपये उरतात, तर दुसऱ्याला ७८,०००. भाव ५०० वर आला तर पहिल्याचे २७,००० रुपये अंगावर येतात, दुसऱ्याचे ६६,०००. दोघांचे गाव एक, बाजार एक, व्यापारी एक.

या हिशेबात दहा लाख बसवून पाहा. २८६ क्विंटल मालावर खर्च जाऊन दहा लाख उरायचे असतील, तर क्विंटलला जवळपास ४,१०० रुपये भाव बांधावर मिळायला हवा. सव्वीस वर्षांत मला असा भाव मिळालेला नाही. क्विंटलला ३०० ते ४०० रुपयांत केळी गेलेली मी पाहिली आहे आणि २,००० च्या वरचा भावही घेतला आहे. ज्या वर्षी भाव वर जातो त्या वर्षी व्हिडिओ निघतात, म्हणून त्यांतला आकडा घरच्या हिशेबात धरू नका. तुमच्या वहीत ७०० रुपये भाव धरा. त्या भावात जी लागवड टिकते ती करा, आणि वरचे जे मिळेल ते पुढच्या वर्षीच्या खतासाठी बाजूला ठेवा.

जातीचा प्रश्न मी थोडक्यात सोडवतो. नेंद्रन, आणि आपल्या वसई भागातली राजेळी, ही प्रामुख्याने शिजवून, तळून किंवा वाळवून खाण्याची केळी आहेत. राजेळीची सुकेळी आपल्याला माहीत आहेत आणि केरळात नेंद्रनचे चिप्स, पुट्टू या वाफवलेल्या पदार्थाबरोबरची उकडलेली केळी, ओणमची मोठी मागणी हे सगळे खरे आहे. पण ती मागणी केरळात आहे आणि तिला माल पुरवणारे शेतकरी केरळात आणि शेजारच्या तमिळनाडूत आहेत. नेंद्रनचा घड साधारण दहा ते पंधरा किलोचा, फण्या कमी. म्हणजे भाव दुप्पट मिळाला तरच ग्रँड नैनची बरोबरी होते. तुमच्या बांधावर नेंद्रन मागायला येणारा व्यापारी आज चोपड्यात नाही, आणि तीन एकरांचा माल हजार-दीड हजार किलोमीटर नेण्याची व्यवस्था तुम्ही एकट्याने उभी करू शकणार नाही. आपल्याकडचे वेफर्सवाले हिरवी ग्रँड नैनच घेतात. चवीसाठी म्हणून घराजवळ दहा झाडे लावा, आनंदाने लावा. धंदा म्हणून पहिल्या वर्षी ग्रँड नैनच लावा, कारण तिचा घेणारा, तिची कटाई करणारी टोळी आणि तिचा सल्ला देणारा माणूस हे तिन्ही तुमच्या तालुक्यात आहेत.

रोपे कुठून घ्यावीत, यात मात्र घाई करू नका. केंद्र सरकारच्या जैवतंत्रज्ञान विभागाने प्रमाणित केलेल्या प्रयोगशाळेचीच रोपे घ्या आणि मातृझाडांची विषाणू चाचणी झाल्याचा कागद मागा. रोप पाच-सहा पानांचे, एक ते दीड फूट उंचीचे, मुळ्या पांढऱ्या असलेले असावे. पिशवी फाडून दोन-चार रोपांच्या मुळ्या पाहायला कोणी हरकत घेत असेल तर तिथून परत फिरा. दोन-तीन रुपये स्वस्त म्हणून मी एकदा एका रोपवाटिकेतून रोपे आणली. त्यांत खुरटी आणि वेगळ्याच ठेवणीची रोपे इतकी निघाली की बाग एकसारखी निसवली नाही, कटाई अडीच महिने रेंगाळली आणि रोपांत वाचवलेल्या पैशांच्या कितीतरी पट गमावून बसलो. बाहेरच्या बागेतले कंद किंवा मुनवे (पिले) तर मुळीच आणू नका. पनामा मर रोगाचा टीआर ४ हा प्रकार ग्रँड नैनलाही मारतो, तो बिहार आणि उत्तर प्रदेशात आढळलेला आहे, आणि तो कंदांबरोबर व मातीबरोबर प्रवास करतो. एकदा जमिनीत आला की औषधाने जात नाही.

रोगांपैकी तुम्हाला पहिल्याच वर्षी भेटण्याची सर्वांत जास्त शक्यता आहे ती कुकुंबर मोझॅक विषाणूची, ज्याला आपल्याकडे हरण्या म्हणतात. पावसाळ्यात ढगाळ हवा आणि झिमझिम पाऊस लागून राहिला की मावा वाढतो आणि तो हा विषाणू एका झाडावरून दुसऱ्यावर नेतो. ओळख अशी की नव्या पानावर शिरांना समांतर पिवळसर पट्टे येतात, पानाची कड वाकडी होते, पोंगा (गुंडाळलेले नवे पान) नीट उलगडत नाही आणि कधी कधी तो आतून सडतो. सकाळी उन्हाकडे तोंड करून पान वर धरले तर पट्टे स्पष्ट दिसतात. दुपारच्या उन्हात नवखा माणूस ते अन्नद्रव्याची कमतरता समजतो आणि सूक्ष्म अन्नद्रव्ये फवारत बसतो. या रोगावर औषध नाही. दिसलेले झाड त्याच दिवशी कंदासकट उपटून शेताबाहेर नेऊन पुरणे एवढाच उपाय आहे, आणि मावा आटोक्यात ठेवायची फवारणी त्याआधी करावी, म्हणजे उपटताना उडालेला मावा शेजारच्या झाडावर जाऊन बसणार नाही.

हे मी इतक्या विस्ताराने लिहितो याला कारण आहे. लागवडीच्या माझ्या सुरुवातीच्या एका वर्षी चार पैसे जास्त मिळावेत म्हणून मी केळीत काकडी आणि भोपळा लावला होता. वेलवर्गीय पिकांवर हाच विषाणू राहतो. दुसऱ्या महिन्यात दोन झाडे दिसली तेव्हा उपटायला मन झाले नाही. वाटले, पाहू आठ दिवस. आठ दिवसांनी तीस होती आणि महिनाअखेर एकरातून चारशेहून जास्त झाडे काढावी लागली. म्हणून केळीत आणि बांधावर काकडी, भोपळा, दोडका, कारले नको, तसेच टोमॅटो, मिरची, वांगी नको. आंतरपीक घ्यायचेच असेल तर पहिल्या दोन-तीन महिन्यांत ताग किंवा मूग घ्या आणि जमिनीत गाडा. लागवडीनंतरचे पहिले तीन महिने आठवड्यातून दोनदा प्रत्येक ओळीतून चालत जाणारा माणूस हवा. नांगी भरण्यासाठी, म्हणजे गेलेल्या रोपाच्या जागी नवे लावण्यासाठी, शंभरएक रोपे सुरुवातीलाच जास्त घेऊन ठेवा. महिन्यानंतर भरलेली नांगी मागे पडते आणि तिचा घड कटाईत बसत नाही.

करपा या पानांवरच्या बुरशीजन्य रोगाबद्दल एवढेच की खालची रोगट पाने वेळेवर कापून बागेबाहेर न्यावीत, पावसाळ्यात बागेत पाणी साचू देऊ नये आणि मिनरल ऑइलसोबत बुरशीनाशकाची फवारणी कृषी विद्यापीठाच्या शिफारशीप्रमाणे करावी. जळगावचे आणि नांदेडचे केळी संशोधन केंद्र ही दोन्ही ठिकाणे प्रत्यक्ष जाऊन पाहण्यासारखी आहेत, आणि तिथल्या शास्त्रज्ञांना पानाचा फोटो दाखवून विचारणे हे कृषी सेवा केंद्रातून तीन बाटल्या आणण्यापेक्षा बरे.

खतांच्या बाबतीत नवीन शेतकरी जितका खर्च करतो तितक्याची गरज नसते. दर झाडाला वर्षभरात २०० ग्रॅम नत्र, २०० ग्रॅम पालाश आणि ४० ते ६० ग्रॅम स्फुरद लागते. नत्र पूर्ण युरियातून दिले तर झाडाला ४३५ ग्रॅम, म्हणजे एकराला ४५ किलोच्या चौदा गोण्या; पालाश म्युरेट ऑफ पोटॅश या खतातून दिले तर झाडाला ३३३ ग्रॅम, म्हणजे एकराला ५० किलोच्या साधारण दहा गोण्या. हे ठिबकमधून थोडे थोडे, आठवड्याच्या हप्त्यांनी द्यावे. घड भरताना पालाश कमी पडू देऊ नये. त्याआधी माती आणि पाणी या दोन्हींची तपासणी करून घ्या. चुनखडीच्या जमिनीत लोह मिळत नाही आणि पाने पिवळी पडतात, तर भारी काळ्या जमिनीत निचरा नसेल तर मुळ्या सडतात. तुमची जमीन कापसाची काळी आहे, म्हणून गादीवाफा उंच ठेवा आणि शेताच्या उताराला चर काढा.

वाऱ्यासाठी पश्चिम आणि दक्षिण बाजूला शेवरी किंवा गजराज गवताचा दाट पट्टा लागवडीआधीच लावून घ्या. मे-जूनमधले वळवाचे वादळ घड धरलेल्या झाडाला अर्ध्या तासात आडवे करते. हे मी तीनदा पाहिले आहे, आणि ज्या बाजूला शेवरी होती तिथली झाडे उभी राहिली. हवामान आधारित फळपीक विम्यात केळीचा समावेश आहे. त्याचा हप्ता, मुदत आणि निकष दरवर्षीच्या शासन निर्णयात पाहा, आणि ई-पीक पाहणीत सातबाऱ्यावर केळीची नोंद वेळेवर करा, कारण ती नोंद नसेल तर दावा अडतो. भरपाई तुमच्या महसूल मंडळातील हवामान केंद्राच्या नोंदींवर ठरते, म्हणून विमा असला तरी नुकसान पूर्ण भरून येईल असे समजू नका.

विक्रीचा भाग पुस्तकात कमी सापडतो, म्हणून त्यावर थोडे थांबतो. केळी पंधरा दिवस झाडावर थांबवता येत नाही. घड पडल्यापासून ९० ते ११० दिवसांत, हिवाळ्यात थोडी उशिरा, ती कटाईला येते, आणि त्या वेळी गाडी आली नाही तर माल झाडावरच पिकायला लागतो. आपल्याकडे नवती (नव्या लागवडीचे पहिले पीक), पिलबाग (ठेवलेल्या पिलाचे पुढचे पीक) आणि वापसी असे तीन वेगळे भाव असतात. वापसी म्हणजे डागाळलेला किंवा हलका, मागे पडलेला माल, आणि त्याचा भाव अर्ध्यावरही येतो. रावेरला आणि बुऱ्हाणपूरला जाहीर झालेला भाव आणि बांधावर हातात पडणारा भाव यांत फरक असतो. म्हणून सौदा करताना चार गोष्टी बोलून आणि लिहून घ्या: भाव कोणत्या दिवसाचा, दांड्याचे वजन धरायचे की वजा करायचे, कटाईची आणि भरणीची मजुरी कोणाकडे, आणि पैसे किती दिवसांत. एका व्यापाऱ्याने माझ्याकडून तीन गाड्या नेल्या, दोन गाड्यांचे पैसे वेळेवर दिले आणि तिसऱ्या गाडीचे मिळायला मला अकरा महिने फिरावे लागले. तेव्हापासून मागची गाडी चुकती झाल्याशिवाय पुढची भरू देत नाही, मग भाव शंभर रुपये कमी मिळाला तरी चालतो.

मागणी कशी हलते, हेही समजून घ्या. आपला बराचसा माल दिल्लीकडे आणि उत्तर भारतात जातो. तिथला श्रावण आपल्यापेक्षा पंधरा दिवस आधी सुरू होतो, म्हणून उपवासाची मागणी आपल्या पंचांगाने मोजू नये. रमजानमध्ये केळीला उठाव असतो, आणि तो महिना दरवर्षी दहा-अकरा दिवसांनी अलीकडे येतो. आंबा बाजारात भरून आला की केळीचा उठाव कमी होतो. मृगबागेचा माल मे ते जुलैमध्ये निघतो आणि त्याच वेळी सगळ्यांचा निघतो. कांदेबागेचा, म्हणजे ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या लागवडीचा, सप्टेंबरपासून निघतो. कांदेबागेला थंडीत रोपे सांभाळावी लागतात, वाढ मंदावते, पण मे महिन्यात झाडावर घड नसल्याने पाण्याची गरज थोडी कमी राहते. म्हणून जूनऐवजी ऑक्टोबरमध्ये लावणे हा तुमच्यासाठी खरा पर्याय आहे, आणि तो मी गंभीरपणे सुचवतो.

निर्यातीबद्दल तुम्ही विचारले नाही, पण व्हिडिओतला दहा लाखांचा शेतकरी बहुधा निर्यातीचा असावा. आखाती देशांत आपली केळी जाते, सोलापूर जिल्ह्यात करमाळा तालुक्यातल्या कंदर भागाने उजनीच्या पाण्यावर या कामात फार मोठी मजल मारली आहे, आणि जळगावच्या केळीला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळाले. पण निर्यातीच्या मालाला फणीवर एकही ओरखडा चालत नाही. घड पडल्यावर कमळ (घडाच्या टोकाचे केळफूल) वेळेवर काढणे, केळ्यांच्या टोकांवरची सुकी फुले हाताने खुडणे, आठ-नऊ फण्या ठेवून खालच्या काढणे, पिशवी घालणे, आठवड्यानुसार वेगळ्या रंगाची फीत बांधून वय ओळखणे, कटाईच्या वेळी घड जमिनीला न लावता खांद्यावर फोमवर नेणे, हे सगळे शिकलेले मजूर लागतात. शिवाय एका मोठ्या वातानुकूलित कंटेनरला सुमारे वीस टन एकसारखा माल लागतो. एका एकरातून तो एकाच आठवड्यात निघत नाही. निगा निर्यातीसारखी पहिल्या वर्षापासून ठेवा, कारण वापसी कमी निघते आणि तो लाभ देशी बाजारातही मिळतो; मात्र निर्यातीचा भाव हिशेबात धरू नका.

आता पुण्याच्या नोकरीविषयी, जे लिहिताना मला थोडे जड जाते. केळीला शनिवार-रविवारची शेती चालत नाही. लागवडीनंतरचे पहिले तीन महिने आणि निसवण ते कटाई हा काळ रोज शेतात डोळे असणारा माणूस मागतो. वडिलांचे वय तुम्ही लिहिलेले नाही. ते रोज दोन फेऱ्या मारू शकत असतील आणि हाताशी भरवशाचा सालदार असेल, तर एक एकर निभेल. नसेल, तर घरात मनमोकळे बोलून घ्या, कारण वडील तुम्हाला नाही म्हणणार नाहीत आणि भार त्यांच्यावर पडेल. तुम्ही स्वतः लागवडीच्या वेळी दहा दिवस, भाद्रपदात हरण्या पाहण्यासाठी आठवडाभर आणि कटाईच्या पहिल्या गाडीला हजर राहाल अशा रजा आधीच ठरवा.

पिलबागेचा एक लाभ तुमच्या बाजूचा आहे. निसवणीपर्यंत सगळी पिले दर पंधरा-वीस दिवसांनी विळ्याने कापत राहायची आणि घड पडल्यावर प्रत्येक झाडाला एकाच बाजूचे एक जोमदार पिल ठेवायचे. दुसऱ्या पिकाला रोपांचा आणि मशागतीचा खर्च नसतो, त्यामुळे क्विंटलची तळरेषा बरीच खाली येते. पहिल्या वर्षी भावाने दगा दिला तरी दुसऱ्या पिकात अनेकदा हात सावरतो. मात्र पहिल्या पिकात हरण्या जास्त असेल तर पिल ठेवू नका, बाग मोडा.

थोडक्यात, तुमच्या बाबतीत माझा सल्ला असा आहे की तीन एकरांऐवजी एकच एकर लावा, ग्रँड नैन लावा, उरलेल्या चार एकरांत कापूस-हरभरा चालू ठेवा म्हणजे घरखर्च केळीच्या भावावर अवलंबून राहणार नाही, आणि ७०० रुपये क्विंटल धरून हिशेब करा. जमिनीत चुनखडी जास्त निघाली किंवा पाणी खारट निघाले तर हा सल्ला बदलेल; तपासणीचे कागद हाती आले की मला आकडे कळवा, मी त्यावर वेगळे लिहीन.

चांगल्या प्रयोगशाळा रोपांची नोंदणी दोन-तीन महिने आधी घेतात, त्यामुळे जूनची लागवड करायची तर आगाऊ रक्कम भरण्याची वेळ आताच आली आहे, असे तुम्हाला रोपवाटिकावाले सांगतील. ती रक्कम भरू नका. आधी मे महिना येऊ द्या, वडिलांबरोबर चार दिवस विहिरीवर उभे राहा, ड्रम लावा, वेळ वहीत लिहा. एकराला रोज ३२,००० लिटरच्या वर पाणी चौथ्या दिवशीही निघाले, तर ऑक्टोबरसाठी रोपे नोंदवा. मधल्या चार-पाच महिन्यांत त्या एका एकरात ताग गाडून घ्या आणि पश्चिमेच्या बांधाला शेवरी लावून टाका.